जवाच्या दाण्यापाशी

नववीत भूमितीच्या बाईंनी फळ्यावर तीन शब्द लिहिले: बिंदू, रेषा, प्रतल. म्हणाल्या, यांच्या व्याख्या विचारायच्या नाहीत. बाकीच्या व्याख्या यांच्यावरून करायच्या. किरण, रेषाखंड, कोन रांगेने आले. पण ज्या विषयात प्रत्येक पायरीला कारण लागतं, त्याच्या आरंभीच कारण नाही, हे मला खुपत राहिलं.

निफाडकडच्या आमच्या शेतीची वाटणी झाली, मोजणी आली, हद्दीचे दगड रोवले गेले. नकाशावरच्या हद्दीला रुंदी नव्हती. शिवारातला बांध हातभर रुंद होता. तो दोन्हीकडून कोरला जायचा आणि भांडण कायम त्या रुंदीचंच असायचं. पुस्तकातली रेषा का हवी, हे मला तिथे कळलं.

पुढे युक्लिड वाचला. ज्याला भाग नाही तो बिंदू, रुंदी नसलेली लांबी ती रेषा. पण मग लांबी म्हणजे काय? १८९९ साली गणितज्ञ हिल्बर्टने ही वाटच सोडली. बिंदू आणि रेषा काय आहेत हे न सांगता त्या एकमेकांशी कशा वागतात तेवढं त्याने सांगितलं: दोन भिन्न बिंदूंतून एकच रेषा जाते.

मला ते मनापासून पटलं नाशिकच्या पांडवलेण्यांत. तिसऱ्या लेण्यात सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने भिक्षूंना २०० निवर्तनं शेत दिल्याचा लेख आहे. त्याखालच्या लेखात, ते शेत कसलं जात नाही, गावात वस्ती नाही, म्हणून नगराच्या शिवेवरची १०० निवर्तनं दिली आहेत. निवर्तन केवढं, हे दगडावर कुठेच नाही. देणाऱ्या-घेणाऱ्यांना ते ठाऊक होतं.

सुमारे हजार वर्षांनी, ११५० च्या 'लीलावती'त भास्कराचार्य निवर्तनाचं माप देतात. माप तेच राहिलं असेल असं नाही, पण त्यांची उतरंड पाहण्यासारखी आहे: २० वंश बाजूचा चौरस म्हणजे निवर्तन, १० हातांचा वंश, २४ अंगुळांचा हात, ८ यवोदरांचं अंगुळ. यव म्हणजे जव. त्याखाली ते उतरत नाहीत. जव दाखवायचा असतो.

आता मी मुलांना शिकवतो तेव्हा आधी 'सरळ'ची व्याख्या करायला सांगतो. न वळणारी, असं कुणीतरी म्हणतंच. वळणं म्हणजे? सरळ न राहणं! दोन-तीन फेऱ्यांत त्यांना आपण गोल फिरतोय हे कळतं. मग मी जवाचे आठ दाणे पुढे ठेवतो आणि अंगुळ मोजायला लावतो. दाणे आडवे लावायचे की उभे, यावर लगेच वाद पेटतो, आणि मला तो हवाच असतो.