ओढ्याचं पाणी मोजून ठेवा

मागे ओढ्यात बसवलेल्या पत्र्याचा फोटो टाकला होता. बऱ्याच जणांनी विचारलं, हे काय नवीन? म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आपल्या महाड-पोलादपुरात पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर. २०२१ च्या जुलैत सावित्री महाडच्या बाजारपेठेत कुठवर चढली ते सगळ्यांनी पाहिलंय. आणि एप्रिलमध्ये याच तालुक्यांत बायका हंडा घेऊन डवऱ्यावर बसतात. भात कापल्यावर वाल ओलीवर निघतो, त्याचं काही नाही. पण भाजी करायची तर ओढाच पाहिजे. आम्ही दरवर्षी सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून वनराई बंधारा घालतो, त्यावर सात-आठ घरांचे मळे चालतात.

वरच्या अंगाला दगडखाण आहे. कोणाची ते लिहीत नाही. हायवे रुंद व्हायला खडी लागली, खाण खोल गेली. रस्ता आपल्यालाही हवाच होता म्हणा.

आपला दगड काळा. अखंड दगडात पाणी नसतं, ते भेगांत आणि वरच्या मुरमात असतं. पावसाळ्यात तिथे भरतं आणि पुढे उन्हाळ्यापर्यंत झिरपत ओढ्याला येतं. खाणीचा खड्डा त्या पाण्याच्या पातळीखाली गेला की ओढ्याकडे येणारं पाणी खड्ड्यात उतरतं. मग काम चालू ठेवायला पंप लावून ते उपसतात आणि पुष्कळदा ओढ्यातच सोडतात. खरी फसगत इथे आहे. खालच्या माणसाला फेब्रुवारीत ओढा वाहताना दिसतो, तो म्हणतो पाणी तर आहे. पंप बंद, की ओढा बंद. म्हणून मोजायचं दोन जागी, खाणीच्या वर आणि खाली. खालचं माप पंप बंद असताना, पहाटे घ्यायचं. आणि बंधाऱ्याच्या वरच, जिथे आपल्यापैकी कोणाची मोटर नाही.

पत्र्याला काटकोनाची खाच कापायची आणि तो ओढ्यात आडवा बसवायचा. खालून-बाजूने चिकणमातीने बंद करायचं, सगळं पाणी खाचेतूनच पडलं पाहिजे. पट्टी लावायची पत्र्याच्या तीन-चार फूट मागे, कारण पत्र्याजवळ पाणी खाली वाकतं. पट्टीचा शून्य खाचेच्या टोकाच्या पातळीत. गवंड्याची पाण्याची नळी असते ना, तिने लेव्हल काढायची.

आता हिशोब बघा. खाचेत १० सेंटीमीटर पाणी म्हणजे सेकंदाला साधारण ४.४ लिटर. ७ असेल तर १.८. आणि ५ असेल तर ०.८ सुद्धा नाही. दिवसाचं धरलं तर पावणेचार लाख लिटरवरून थेट सहासष्ट-सदुसष्ट हजारांवर. नुसत्या डोळ्याने बघणारा म्हणतो, पाणी निम्मं झालं. निम्मं कुठलं, सहावा हिस्सा जेमतेम उरला! ५ च्या खाली पाणी पत्र्याला चिकटून पडायला लागतं, तेव्हा मी पट्टी सोडून बादली लावतो. २० लिटरची बादली ४० सेकंदांत भरली तर सेकंदाला अर्धा लिटर.

गेल्या वर्षी खाणीच्या मुदतवाढीचा विषय ग्रामसभेत आला. आम्ही ओढ्याचं बोललो तर उत्तर मिळालं, पाऊस कमी झाला म्हणून आटला. असेलही. पण आमच्याकडे दाखवायला कागदच नव्हता. म्हणून तिसरा पत्रा डोंगराच्या पलीकडच्या ओढ्यात लावलाय, तिकडे खाण नाही. पाऊस कमी झाला तर दोन्ही ओढे उतरतील. यंदा डिसेंबरच्या सुरुवातीला दोन्हीकडे १० च्या आसपास होतं. फेब्रुवारीअखेर पलीकडे ७, आमच्याकडे ५ च्या खाली. एका वर्षावर मी छाती ठोकून बोलणार नाही, डोंगराचा उतार, झाडी यानेही फरक पडतो. अजून दोन हंगाम तरी मोजायचं.

भूजल सर्वेक्षण यंत्रणा ठरलेल्या विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा घेते, पण आपला एवढासा ओढा त्यात कुठून येणार? तो आपणच धरायचा, आणि खाण सुरू व्हायच्या आधी. गोव्यात डिचोलीच्या शिरगावात लोहखनिजाच्या खाणी भूजलाच्या खाली गेल्या, विहिरी आटल्या, प्रकरण हायकोर्टात गेलं. दोडामार्गच्या कळण्यात २०२१ च्या जुलैत खाणीतला चिखल-पाणी फुटून शेतात आलं. आधीचं पाणी किती होतं, जमीन कशी होती, हे मागाहून कोण लिहून देणार?

वहीत तारीख, वेळ, उंची, पंप चालू की बंद आणि आदल्या आठवड्यातला पाऊस, एवढं बास. पट्टीचा तारखेसकट फोटो काढा. शेजारच्या गावातल्या एकाची सही घेतली तर उत्तम, आपल्याच गावातली नको.

पत्र्याचं माप हवं असेल त्यांनी कळवा, कागदावर काढून पाठवतो. आणि मे संपायच्या आत पत्रे काढून घरी आणा, नाहीतर पहिल्याच पुरात बाणकोटला जातील.