लवंगेच्या तेलाचा प्रयोग

विज्ञान शिकवायचे तर सुसज्ज प्रयोगशाळा हवी, असे आपण सहज म्हणून जातो. होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाचा इतिहास वाचला की ही समजूत डळमळते. १९७२ साली किशोर भारती व फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी मध्य प्रदेशातील १६ ग्रामीण शाळांत तो आरंभिला. १९७८ मध्ये तो जिल्हाभर पसरला आणि पुढे, १९८२ मध्ये स्थापन झालेल्या एकलव्य संस्थेने तो सांभाळला. शिक्षक तेच होते, सरकारी. त्यांपैकी अनेकांनी स्वतः विज्ञान शिकलेले नव्हते. उन्हाळ्याच्या सुटीत त्यांना विद्यार्थ्यांच्या जागी बसवून सारे प्रयोग स्वहस्ते करावयास लावीत. वर्षभर मासिक बैठकांत अडचणींचा ऊहापोह होई. चार-चार मुलांच्या टोळीला स्वस्त साहित्य मिळे, त्यामुळे मागच्या बाकावरचे मूलही प्रयोगाला हात लावी. परीक्षेत पुस्तक उघडण्याची मुभा असे. २००२ मध्ये शासनाने हा कार्यक्रम बंद केला. तीस वर्षांची ठेव मुदतीपूर्वी मोडावी तसे ते मला वाटते. बँकेतल्या माणसाला दुसरी उपमा कोठून सुचणार!

निवृत्तीनंतर मी एका शाळेचे हिशेब पाहतो. तेथे आठवीत अधू दृष्टीची एक मुलगी आहे. लिटमसचा रंग बदलला की वर्ग टाळ्या वाजवी, ही शेजारणीला विचारी, “काय झाले गं?” तिच्या शिक्षिका गेल्या वर्षी स्वखर्चाने एका प्रशिक्षण शिबिरास जाऊन आल्या. रंगाऐवजी वासाने ओळखता येणारे दर्शकही असतात, हे त्यांनी तेथे करून पाहिले. कांद्याचा वास आम्लात टिकतो, तीव्र आम्लारीत जातो. कांदा आपल्या मुलांच्या घरी येत नाही, म्हणून बाईंनी लवंगेचे तेल घेतले. त्याचेही तसेच होते. त्या दिवशी साऱ्या वर्गाने डोळे मिटून उत्तर दिले. सर्वांत आधी तिने दिले.

खर्च जेमतेम एका बाटलीचा. शिबिराचा खर्च मात्र बाईंच्या पगारातून गेला, याचा मला सल आहे. आपण व्यापारी माणसे. दुकानात नवा माल आला की तो कसा विकावा हे नोकराला पदरमोड करून शिकवतो. शाळेला डिजिटल फलक देणारे दाते सहज मिळतात, कारण फलकाखाली नाव लिहिता येते. यंदा मी अंदाजपत्रकात दोन शिक्षकांच्या शिबिराचा प्रवास व निवास मंजूर करून घेतला आहे. त्या दहा दिवसांत त्यांचे वर्ग घेणाऱ्या बदली शिक्षकांच्या मानधनावर विश्वस्तांचे अद्याप एकमत नाही. पुढील बैठक पर्युषणानंतर आहे.