दोन बोटांचें अंतर

माझा भाचा अमेरिकेंत असतो. गेल्या माघांत, घोडायात्रेच्या सुमारास, तो चिमूरला आला होता. आमच्या ओसरीवर एक जुना ऑर्गन आहे. घरीं येणारा कोणीही पाहुणा त्यावरची धूळ झटकतो, एखादी पांढरी पट्टी दाबून पाहतो आणि “अजून वाजतो का हो?” असें विचारतो. या गृहस्थानें मात्र पट्ट्यांकडे पाहिलेंच नाहीं. त्यानें खालीं वांकून फळीखालीं डोकें घातलें आणि तेथूनच मोठ्यानें म्हटलें, “मामा, याला गुडघ्याची दांडी आहे! तुम्ही कधीं बोललां नाहींत?”

बोलण्यासारखें त्यांत कांहीं आहे असें मला कधीं वाटलें नव्हतें. ती दांडी म्हणजे माझ्या एका अपयशाची खूण. अशा खुणा पाहुण्यांना दाखविण्याची रीत आपल्यांत नाहीं.

माझे वडील झाडीपट्टींतील नाटकांना ऑर्गनची साथ करीत. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या धानाच्या नि जंगलाच्या मुलुखाला झाडीपट्टी म्हणतात. धान घरांत आलें कीं दिवाळीपासून होळीपर्यंत आमच्याकडे नाटकांचा हंगाम. माझ्या लहानपणीं दिवसां शंकरपट होई आणि रात्रीं मांडव भरे, तो पहांटेपर्यंत उठत नसे. बालगंधर्वांच्या गाण्यामागें हरिभाऊ देशपांडे यांचा ऑर्गन असे, हें आपण ऐकून आहों. पुण्यामुंबईकडे तें वाद्य पुढें दुर्मिळ झालें. आमच्या रानांत तें टिकून राहिलें.

प्रेक्षक समोरून नाटक पाहत. मी वडिलांच्या पायांशीं बसून पाहत असें. त्यामुळें लोकांना त्यांचे हात दिसत आणि मला गुडघे. दोन्ही पाय पाळीपाळीनें भाता चालवीत. उजवा गुडघा बाहेर रेटला कीं आंतल्या झडपा उघडत आणि सूर मोठा होई. डाव्या गुडघ्यानें दुसरी दांडी रेटली कीं मुके असलेले सुरांचे सारे संच एकदम बोलूं लागत. नटानें शब्द उच्चारला कीं वडिलांचा उजवा गुडघा हळूच आंत येई; शब्द मोकळा होई. समेवर तोच गुडघा बाहेर जाई आणि मांडवाचें कापड थरारल्यासारखें वाटे. प्रेक्षक टाळ्या देत त्या नटाला. गुडघ्याला टाळी कोण देणार?

मीही शिकलों. बोटें बरीं चालत. पण माझा सूर एकसुरी, दगडासारखा. वडील उंचेपुरे, मी आईच्या वळणावर गेलेला आंखूड पायांचा. दांडीपर्यंत गुडघा न्यावा तर पाय भात्यावरून घसरे. पाय सांभाळावा तर दांडी दूर राही. आपल्या अंगांत ही कला नाहीं, असें मीं मनाशीं ठरवून टाकलें.

मग मी शिकायला नागपूरला गेलों आणि मला एक मोठा युक्तिवाद सांपडला. पेटींत मींड नाहीं! एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणें तिला ठाऊक नाहीं. ती पायऱ्यापायऱ्यांनींच चालणार. म्हणून तर 1940 सालीं ऑल इंडिया रेडिओनें हार्मोनिअमला बंदी केली आणि ती पुढें सुमारें तीस वर्षें राहिली. उन्हाळ्याच्या सुटींत हें सारें मीं वडिलांना ऐकविलें. ते कुंचल्यानें सुरांवरची धूळ काढीत होते. मान वर न करतां ते म्हणाले, “असेल.” त्यानंतर मी ऑर्गनवर बसलों नाहीं. माणसाला एखादी गोष्ट जमेनाशी झाली कीं ती करण्यासारखीच नव्हती हें सिद्ध करायला त्याला वेळ लागत नाहीं.

भाच्याचें वाद्य निराळें. त्याला पेडल स्टील गिटार म्हणतात. तें मांडीवर नसतें. टेबलासारखें चार पायांवर उभें असतें. तारांवरून लोखंडी कांब सरकवून वाजवायची ही तऱ्हा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हवाई बेटांतून निघाली. आपल्याकडे ब्रिजभूषण काब्रा यांनीं त्या गिटारीवर रागसंगीत बसविलें. 1967 सालच्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेंत संतूर आणि बांसरीच्या जोडीला त्यांचीच गिटार आहे. पण सरळ कांबेनें एक अडचण येते. कांब सरकली कीं सगळ्या तारा सारख्याच चढतात वा उतरतात. त्यांचें आपसांतील नातें बदलत नाहीं. तें बदलावें म्हणून अमेरिकेंत तारांना पायांचे पेडल जोडले गेले. 1954 सालीं गाजलेल्या वेब पिअर्सच्या ‘स्लोली’ या गीतांत बड आयझॅक्स यानें तार वाजत असतांनाच पेडल दाबून ती चढविली, आणि तेथून त्या वाद्याचें वळणच बदललें.

“म्हणजे नेमकें काय करतां?” मीं विचारलें.

त्यानें आमच्या भाषेंत सांगितलें. त्याच्या वाद्याच्या नेहमींच्या जुळणींत दहा तारा असतात. त्यांतल्या एका स्वराला षड्ज समजावें. पहिल्या पेडलनें पंचम चढून शुद्ध धैवत होतो. दुसऱ्यानें गंधार चढून शुद्ध मध्यम होतो. दोन्ही एकदम दाबले कीं सा-ग-प चे सा-म-ध होतात, षड्ज जागचा हलत नाहीं. आणि गुडघ्याच्या दांड्या? एक रेटली कीं षड्जच कोमल ऋषभावर जातो. दुसरी रेटली कीं निषादावर उतरतो.

मी थक्क झालों. षड्ज आणि पंचम हे आपले अचल स्वर. बाकीचे कोमल होतात, तीव्र होतात. हे दोन ढळत नाहींत. आणि या मुलाचे पाय नेमके त्या दोघांनाच हलवितात, तेंही मींडेनें, हळूहळू!

“पण मामा,” तो म्हणाला, “दांडी कुठें बसवावी याचा नियम नाहीं. कुणी डाव्या गुडघ्याला देतो, कुणी उजव्याला. कुठल्या खटक्यानें कुठली तार किती हलते याचा प्रत्येक वादक आपला तक्ता करून ठेवतो. दुसऱ्याच्या वाद्यावर बसलें तर मी पार गोंधळून जातों. माझ्या गुरूनें पहिल्या दिवशीं मला एकही सूर वाजवूं दिला नाहीं. दांड्या सरकवून माझ्या गुडघ्यांना बेतून दिल्या, आणि म्हणाला, आतां उद्यां ये.”

हें बोलतांबोलतां त्यानें खिशांतला दिवा लावून पुन्हां फळीखालीं पाहिलें. “इथें सुतळीचे वळ आहेत. आंतल्या बाजूला रंगही उडालाय. दांडीला कांहीं तरी बांधलें होतें का हो?”

होतें. चाळीस वर्षांहून अधिक काळ जें आठवलें नव्हतें तें मला लख्ख आठवलें. मींडेवरच्या त्या व्याख्यानानंतर दिवाळींत मी घरीं आलों, तेव्हां उजव्या दांडीला धोतराच्या चिंधींत गुंडाळलेला एक लांकडी ठोकळा सुतळीनें बांधलेला होता. जाडी असेल दोन बोटें. कॉलेजांतले मित्र यावयाचे होते. हें ओंगळ ठिगळ त्यांच्या दृष्टीस पडूं नये म्हणून मीं सुतळी कापली आणि ठोकळा चुलींत घातला. वडिलांनीं संध्याकाळीं पाहिलें. ते कांहीं बोलले नाहींत.

वडिलांचे पाय लांब. त्यांना तो ठोकळा अडचणीचाच होणार. मग तो त्यांनीं कुणासाठीं बांधला होता, हा प्रश्न माझ्या मनांत त्या दिवशींही आला नाहीं आणि ते गेले त्या दिवशींही आला नाहीं. मीं त्यांना शास्त्र सांगितलें होतें; त्यांनीं त्यांतून गुडघा तेवढा ऐकला होता.

भाच्याला मीं यांतलें कांहीं सांगितलें नाहीं. त्यानें लांकडाचा तुकडा शोधला, जुन्या पंचाची पट्टी गुंडाळली, सुतळीनें आवळून बांधली आणि म्हणाला, “बसा.” मी बसलों. भाता कुरकुरला, एक सूर मुका निघाला, पंचम जरा उतरलेला. पण गुडघा बाहेर रेटला, आणि ओसरी भरून गेली.

“पोहोंचतो ना?” त्यानें विचारलें.

“पोहोंचतो,” मी म्हणालों.

परत जायच्या दिवशीं त्यानें विचारलें, “तें बांधलेलें सोडून ठेवूं का? बरें दिसत नाहीं.”

मी म्हणालों, “असूं दे.”