मापाचं पेट्रोल

गेले दोन महिने आमच्या घरात एकच विषय चालू आहे. टर्बो. भाच्याची ६५० सीसीची, दोन सिलिंडरची मोटरसायकल ४७ हॉर्सपॉवर देते. त्याला हव्यात ७०. पगारातून पैसे साठवून त्याने टर्बो आणूनही ठेवलाय. ताई म्हणते, तू तरी समजाव त्याला. भाचा म्हणतो, मामा, तू फक्त इंजेक्टरचं बघ!

तर मंडळी, मी सध्या फक्त इंजेक्टरचंच बघतोय. आणि खरं सांगायचं तर सगळी गोम तिथेच आहे.

टर्बोची ओढ मला कळते हो. एरवी वाया जाणाऱ्या गरम धुरावर एक पंखा फिरवायचा आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या पंख्याने हवा दाबून इंजिनात कोंबायची. फुकटची हवा! पण जास्त हवा आली की तिच्या मापाने पेट्रोलही जास्त लागतं. ते कमी पडलं तर आतली उष्णता वाढते, ठिणगीची ज्योत पोचायच्या आत कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप पेटतं, आणि भर बूस्टमध्ये पिस्टनला भोक पडायला काही सेकंद पुरतात. अशा वेळी इंजिन जाम झालं, तर मागचं चाकही जाम होऊ शकतं. वर बसलेला पोरगा आपला असतो...

हिशोब तसा शाळकरी आहे. टर्बो इंजिनाला एका हॉर्सपॉवरमागे तासाला साधारण २७० ग्रॅम पेट्रोल धरतात. ७० हॉर्सपॉवरला झालं जवळजवळ १९ किलो, म्हणजे दोन इंजेक्टरना प्रत्येकी साडेनऊ. पण इंजेक्टर पूर्णवेळ उघडा ठेवून चालत नाही. ८० टक्क्यांवर थांबायचं, बाकीचं राखीव. म्हणजे क्षमता हवी तासाला सुमारे १२ किलोची, मिनिटाला २६५ सीसीच्या आसपास. भाचा लगेच म्हणाला, "मग ५५० चेच घेऊ ना, पुढे वाढवायला बरं!"

इथेच थांबलो आम्ही. कारण ७००० आरपीएमला इंजेक्टरच्या एका फेरीला मिळतात १७ मिलिसेकंद. त्यातले १३-१४ तो उघडा. पण सिग्नलला नुसती गाडी चालू असताना तोच इंजेक्टर जेमतेम २ मिलिसेकंद उघडायला हवा, आणि त्यातला जवळजवळ एक तर नुसता उघडण्यातच जातो. इंजेक्टर दुप्पट मोठा घेतला तर खऱ्या फवाऱ्याला अर्धा मिलिसेकंद उरतो. एवढ्या वेळात दर खेपेला सारखं माप देणं त्याला जमत नाही. गाडी गुरगुरते, धक्के देते, प्लग काळे करते.

आणखी एक. इंजेक्टरमागे पेट्रोलचा दाब ३ बार असला आणि समोरून बूस्टचा अर्धा बार रेटा आला, की उरतो अडीच. मग फवारा सुमारे ९ टक्क्यांनी कमी होतो, तोही नेमका जास्तीची गरज असताना. म्हणून बूस्टबरोबर दाब वाढवणारा रेग्युलेटर हवाच. आणि दोन इंजेक्टरचं मापही जुळलेलं हवं. ईसीयू दोघांना सारखाच हुकूम देतो. एक जरी कमी देत असला तरी तेवढा सिलिंडर उपाशी.

होंडाने १९८२ साली सीएक्स-५०० टर्बो कारखान्यातूनच काढली. ४९७ सीसी, ८२ हॉर्सपॉवर. पण टर्बो नुसता अडकवला नव्हता त्यांनी. साध्या सीएक्सचं १०:१ कॉम्प्रेशन उतरवून ७.२:१ केलं, आणि कार्ब्युरेटर काढून फ्युएल इंजेक्शन बसवलं. यामाहा, सुझुकी, कावासाकी सगळ्यांनीच तेव्हा टर्बो गाड्या काढल्या, आणि १९८५ पर्यंत तो खेळ आटोपलाही. बिनटर्बोचं मोठं इंजिन सोपं पडत होतं.

असो. आमचं ठरलंय ते असं. बूस्ट अर्ध्या बारच्या वर नाही, इंजेक्टर ३०० चे, हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा मीटर आधी, टर्बो नंतर. आणि गाडी ट्रॅकवरच. नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारे बदल रस्त्यावरच्या गाडीत चालत नाहीत. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ तेच सांगतं.

भरपूर देणारा इंजेक्टर पैसे टाकले की मिळतो. थोडंच द्यायचं, आणि दर खेपेला तितकंच, हे अवघड. पण गाडी रोज चालते ती त्या थोडक्यावर. भाच्याला हे पूर्ण पटलंय असं नाही. मात्र परवा त्याने आपणहून विचारलं, "मामा, हा ३०० चा कमीत कमी किती देतो रे?"

दोन महिन्यांत 'जास्तीत जास्त' सोडून त्याने विचारलेला हा पहिला प्रश्न. मला सध्या तेवढं पुरे.