आठ्यांचा हिशेब

दोन भुवयांच्या मधोमध उभ्या उमटणाऱ्या रेघांना मराठीत आठ्या म्हणतात, आणि आठ्या म्हणजे नापसंती हे भाषेनेच कायमचे ठरवून टाकले आहे. कपाळाला आठ्या घालणारा माणूस रागावलेला असणार, कंटाळलेला असणार किंवा त्याला समोरची गोष्ट पटलेली नसणार, असे आपण गृहीत धरतो. मनात यांपैकी काहीही नसताना केवळ वयामुळे ज्यांच्या कपाळावर त्या रेघा कायमच्या बसल्या, त्यांच्यावर या समजुतीने अन्याय होतो.

मरोळ-मरोशी मार्गावरील एका सोसायटीत राहणाऱ्या, महापालिकेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या एका भगिनींना हा अन्याय ६२ व्या वर्षी फार जवळून अनुभवावा लागला. त्यांचे माहेर सांगलीचे. यजमान सीप्झमधील एका कंपनीतून निवृत्त झालेले. घरात वृद्ध सासूबाई, मुलगा, सून आणि पाच वर्षांची नात. धाकट्या मुलीचा साखरपुडा थाटात झाला. आठ दिवसांनी मुलाकडच्या एका नातेवाइकाकडून निरोप आला, “विहीणबाईंना स्थळ पसंत नाही का? सगळा वेळ कपाळाला आठ्या होत्या.” वास्तविक त्या दिवशी त्यांच्याइतके आनंदात घरात दुसरे कोणी नव्हते. मुलगी मात्र हे ऐकून रडली. लग्न वैशाखात होते आणि तेव्हा माघ चालू होता.

सूनबाईंनी उपाय सुचवला. “आई, हल्ली बोटॉक्स अगदी साधी गोष्ट झाली आहे. चेहरा आणि मान एकदमच करून घ्या.” सासूबाईंसाठी तिने स्वतःच मरोळ नाक्याजवळच्या एका त्वचारोगतज्ज्ञांची वेळ घेतली.

बोटॉक्स हे एका औषधाचे व्यापारी नाव. त्या औषधातील मूळ द्रव्य म्हणजे बोट्युलिनम विष, आजवर माहीत झालेल्या विषांपैकी अतिशय जहाल असे. जर्मनीच्या वुर्टेम्बर्ग प्रांतातील कवी व वैद्य युस्टिनुस केर्नर यांनी १८२० च्या सुमारास खराब झालेल्या मांसान्नातून होणाऱ्या या विषबाधेचा अभ्यास केला. १८९५ साली बेल्जियममधील एका गावात अंत्यविधीला आलेल्या वादकांना अशीच विषबाधा झाली आणि एमिल व्हान एरमेंगेम यांनी त्यामागचा जीवाणू शोधून काढला. हे विष मज्जातंतूकडून स्नायूकडे जाणारा संदेश अडवते. त्याच गुणाचा अत्यल्प मात्रेत उपयोग करून सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉ. अॅलन स्कॉट यांनी तिरळेपणावर उपचार सुरू केले, आणि १९८९ साली अमेरिकेने त्यास मान्यता दिली. पापण्यांच्या विकारावर हेच औषध देत असताना कॅनडातील नेत्रतज्ज्ञ डॉ. जीन करूथर्स यांच्या ध्यानात आले की रुग्णांच्या आठ्याही नाहीशा होत आहेत. आठ्यांसाठी अमेरिकेची मान्यता २००२ साली मिळाली, मानेवरील उभ्या पट्ट्यांसाठी अगदी अलीकडे, २०२४ साली.

डॉक्टरांनी घाई केली नाही. पूर्ण चेहऱ्याचा हिशेब त्यांनी कागदावर मांडला: आठ्यांसाठी पाच ठिकाणी मिळून २० युनिट, कपाळासाठी २०, डोळ्यांच्या कडांसाठी २४ आणि मानेसाठी २६ ते ३६. म्हणजे एकूण ९० ते १००. त्यानंतर ते एकेक आकडा खोडत गेले.

प्रथम कपाळ. उतारवयात वरच्या पापण्या जड होतात आणि कपाळाचा स्नायू नकळत त्यांना वर उचलून धरतो. कपाळावरच्या आडव्या वळ्या हे त्याच श्रमाचे फळ. तो स्नायू सैल केला तर वळ्या जातील, पण भुवया खाली येतील आणि वाचताना डोळ्यांवर ओझे वाटेल. रोज दोन तास स्वाध्याय करणाऱ्या भगिनींना हा सौदा परवडणारा नव्हता. मग मान. त्यांनी दात घट्ट आवळून ओठांचे कोपरे खाली ताणायला सांगितले. मानेतील प्लॅटिस्मा या पातळ स्नायूच्या दोऱ्या त्या वेळी ठळक उठल्या तर उपचाराचा लाभ होतो. येथे दोऱ्या फारशा उठल्या नाहीत. मानेवर जे दिसत होते ती सैल पडलेली त्वचा होती, आणि त्वचेच्या सैलपणावर हे औषध चालत नाही. शिवाय मानेत मात्रा चुकली तर गिळायला त्रास होऊ शकतो. डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या भगिनींनी स्वतःच सोडून दिल्या. त्या हसताना पडतात, आणि हसू लपवण्याचे त्यांना कारण नव्हते.

उरले आठ्यांचे २० युनिट. त्यांचे वेळापत्रकही ठरले. परिणाम काही दिवसांत दिसू लागतो, पूर्ण व्हायला दोन आठवडे लागतात आणि काही कमी-जास्त झाले तर सुधारायला अवधी हवा. म्हणून लग्नाआधी किमान एक महिना. परिणाम टिकतो तीन ते चार महिने. यजमानांनी येथे आपला व्यवहारी प्रश्न विचारला, “म्हणजे ही खरेदी नव्हे, हप्ता आहे?” डॉक्टरांनी मान्य केले. चेहरा तसाच ठेवायचा तर वर्षातून तीन-चार वेळा यावे लागेल, आणि सौंदर्योपचाराचा खर्च आरोग्यविमा देत नाही.

खर्च त्यांच्या आवाक्यातला होता. निर्णय अडला तो सासूबाईंच्या एका प्रश्नावर. संध्याकाळी तो कागद पाहून त्यांनी सहज विचारले, “हे युनिट म्हणजे किती गं?”

सुनेला सांगता आले नाही, म्हणून मुलाने शोधून वाचून दाखवले. एक युनिट म्हणजे उंदरांच्या पोटात टोचले असता गटातील निम्मे उंदीर मरतील इतकी मात्रा. औषधाची ताकद मोजण्याची पद्धत मुळात हीच. पुढे २०११ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एका उत्पादकाला प्राण्यांऐवजी पेशींवर चाचणी करण्यास मान्यता दिली, नंतर इतर काहींनीही तो मार्ग धरला. पण हातातल्या कुपीची चाचणी कशी झाली हे तिच्यावर लिहिलेले नसते. भारताने २०१४ साली सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करण्यास बंदी घातली आहे. तथापि हे कायद्याने प्रसाधन नव्हे, औषध आहे. त्यामुळे ती बंदी येथे लागू होत नाही.

घरात थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग सूनबाई म्हणाली, “आई, आपण घेतो त्या रक्तदाबाच्या गोळ्याही कधीतरी प्राण्यांवर तपासलेल्याच असतात.” तिचे म्हणणे खरे होते आणि भगिनींना ते खोडून काढायचे नव्हते. सांगलीला त्यांच्या थोरल्या बंधूंना पक्षाघातानंतर डाव्या हाताची मूठ इतकी घट्ट आवळली गेली होती की तळवा धुता येत नसे, नखे कापता येत नसत. त्यांना हेच औषध टोचले आणि मूठ सैल झाली. तेव्हा उंदरांचा विचार त्यांच्या मनाला शिवला नव्हता आणि आजही त्या उपचाराबद्दल त्यांना खंत वाटत नव्हती.

औषध एकच, युनिटही तेच. भेद होता तो प्रयोजनाचा. आपल्याकडे अनर्थदंड असा एक शब्द आहे. संसारात राहणाऱ्या श्रावकाकडून काही हिंसा घडणारच. पण प्रयोजनाविना घडणारी तरी टाळावी, असे अनर्थदंडविरती व्रत सांगते. बंधूंच्या मुठीला प्रयोजन होते. आपल्या आठ्यांना ते आहे काय, हे त्यांनी स्वतःलाच विचारले. लेकीच्या सासरी गैरसमज होऊ नये, हे प्रयोजन लहान नव्हते. परंतु तो गैरसमज सुईवाचून दूर होण्यासारखा होता.

पुढच्याच रविवारी त्या व्याह्यांकडे गेल्या. चहा झाल्यावर विहीणबाईंना त्यांनी सरळ सांगितले, “तीस वर्षे वर्गात उभी राहिले, त्या रेघा तिथल्या आहेत. कपाळाकडे पाहू नका. स्थळ मला फार पसंत आहे.” विहीणबाई ओशाळल्या आणि मग मोकळेपणी हसल्या. डॉक्टरांना नकाराचा फोन गेला. त्यांनीही आग्रह केला नाही. लग्नाच्या छायाचित्रांत त्या दोन्ही रेघा स्पष्ट दिसतात.

हा त्यांचा निर्णय. तो सर्वांनी घ्यावा असे त्यांनी कोणालाही सांगितले नाही. मुलुंडच्या त्यांच्या एका मैत्रिणीने त्याच वर्षी हा उपचार करून घेतला, आणि त्यांच्या स्नेहात अंतर पडले नाही. ज्यांचे प्रयोजन वेगळे असेल त्यांनी एवढे जरूर पाहावे: सुई पात्रताधारक डॉक्टरच्याच हाती असावी, पार्लरमध्ये नव्हे. औषधाचे नाव, कुपीचा क्रमांक व मुदत विचारावी आणि कुपी समोर उघडायला सांगावी. एका कंपनीचे युनिट दुसरीच्या युनिटाबरोबर जुळत नाही, म्हणून नुसत्या आकड्यांची तुलना करू नये. गर्भवती, स्तनदा माता आणि मायस्थेनियासारखा स्नायूंचा विकार असलेल्यांनी या वाटेला जाऊ नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगावे, स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. उपचारानंतर गिळताना, बोलताना किंवा श्वास घेताना त्रास झाला तर तडक रुग्णालय गाठावे. आणि या सर्वांआधी, ज्या रेघेवर उपचार करायचा ती आपल्याला खुपते की दुसऱ्या कोणाला, एवढे घरी बसून शांतपणे ठरवावे.