अविकानगर : जिथे गवतालाही रजा मिळते

जयपूरहून मालपुऱ्याकडे निघालेली बस डिग्गीला थांबते, तेव्हा बरेच प्रवासी कल्याणजींच्या दर्शनासाठी उतरून जातात. श्रावणात याच रस्त्याने जयपूरहून पायी येणाऱ्या भाविकांची रीघ लागते. मराठी माणसाला आपल्या वारीची आठवण व्हावी असाच तो देखावा! पुढे मालपुऱ्याजवळ, टोंक जिल्ह्याच्या रुक्ष माळावर, पर्यटक सहसा ज्याची वाट धरत नाहीत अशी एक वसाहत आहे. तिचे नाव अविकानगर. संस्कृतात 'अवि' म्हणजे मेंढी. १९६२ साली येथे केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्था स्थापन झाली आणि या उजाड माळाला मेंढ्यांचे गाव अशी ओळख मिळाली.

मे महिन्यात येथे येणाऱ्याची थोडी निराशाच होते. पारा पंचेचाळीस अंशांकडे झुकलेला, कुंपणापलीकडे पिवळे पडलेले अंजन गवत (त्याला इथली माणसे धामण म्हणतात) आणि शमीच्या विरळ सावलीत मान खाली घालून दाटीने उभ्या असलेल्या मालपुरा मेंढ्या. लांब पाय, फिकट तपकिरी तोंड, आखूड कान. ना बागडणारी कोकरे, ना हिरवळ. पाहणाऱ्याला वाटते, इथे काहीच चाललेले नाही. खरे तर वर्षातले एक फार महत्त्वाचे काम याच दिवसांत चालू असते. ते काम म्हणजे विसावा.

आठ महिन्यांचा हिशेब

मेंढी सुमारे पाच महिने गाभण असते. या भागात पावसाने गवत हिरवे झाले की ऑगस्ट-सप्टेंबरात कळपात नर सोडतात. म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत कोकरे जन्मतात. पुढे तीन महिने ती आईचे दूध पितात. पाच आणि तीन मिळून आठ महिने झाले. उरलेले चार महिने मेंढीचे स्वतःचे. आपल्याकडे गाईम्हशींच्या अशा दिवसांना भाकड काळ म्हणतात, पण या शब्दात थोडा अन्यायच आहे.

कोकरे तोडल्यावर प्रथम काही दिवस मेंढीचा खुराक कमी करतात, म्हणजे कास लवकर आटते आणि सुजत नाही. मग अनुभवी माणूस शेवटच्या बरगडीमागे कमरेवर हात फिरवतो. हाड टोचले तर मेंढी खंगलेली. हाड बोटांना जरा दाबूनच लागले तर ठीक. दाट लोकरीखालचा अशक्तपणा डोळ्यांना दिसत नाही, तो हातालाच कळतो. खंगलेल्या मेंढीला वेगळे काढून शमीचा किंवा अरडूचा, म्हणजेच आपल्या महारुखाचा, पाला देतात. नर सोडण्यापूर्वी दोन-तीन आठवडे थोडे धान्य वाढवले की गाभण राहणाऱ्या मेंढ्यांचे प्रमाण वाढते.

बंद फाटकामागचे कुरण

विसावा मेंढीला हवा तसा तो जमिनीलाही हवा. येथे पाऊस वर्षाला पाच-सहाशे मिलिमीटर, तोही बहुतेक जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांत. पहिल्या सरीनंतर फुटलेले कोवळे कोंब मेंढीने खुडले, तर मुळांत साठवलेली ताकद पुन्हा पुन्हा खर्च होते आणि गवताचा ठोंब मरतो. म्हणून कुरणाचे चार भाग करण्याची रीत सांगितली जाते. तीन भागांत आळीपाळीने चराई करायची आणि चौथा भाग बी गळेपर्यंत बंद ठेवायचा. पुढच्या वर्षी दुसऱ्या भागाची पाळी.

या रजेचा आणखी एक लाभ आहे. पावसाळ्यात लेंड्यांतून बाहेर पडणाऱ्या जंतांच्या अळ्या ओल्या पात्यांवर चढून बसतात आणि चारताना मेंढीच्या पोटात जातात. कुरण पुरेसे दिवस रिकामे राहिले की त्या उपाशीच मरतात. उन्हाळ्याचे कडक ऊन तर त्यांचा काळच. जुने मेंढपाळ दव वाळल्याशिवाय कळप सोडत नाहीत, त्यामागचे कारणही हेच.

रजा परवडते कोणाला?

संस्थेला कुंपण आहे. कुंपणाबाहेरच्या मेंढपाळाजवळ मात्र बहुधा गावाचे सामाईक चराऊ रान तेवढे असते, आणि तेही अतिक्रमणाने व वेड्या बाभळीने आक्रसत चाललेले. नर वर्षभर कळपातच फिरतो. दुबळी मेंढी लगेच गाभण राहिली तर दोन वर्षांत तीन वेते होतील, असे कागदावर दिसते. भरपूर चारा असेल तर ते साधतेही. पण अर्धपोटी मेंढीचे कोकरू हलके जन्मते, तिला दूध पुरत नाही आणि कधी कधी कोकराबरोबर आईही जाते. तरीही मुलीचे लग्न किंवा मुलाची फी समोर उभी असताना चार महिने थांबा, असे कोणत्या तोंडाने सांगायचे?

पूर्वी हा विसावा चालण्यातून मिळत असे. राजस्थानचे कळप दुष्काळात माळव्याकडे वा हरियाणाकडे निघत. आपले धनगर दसरा-दिवाळीनंतर कोकणात उतरतात, वाटेत शेतात मेंढरे बसवून लेंडीखत देतात. कळप दूर असतो तेवढे दिवस मागचे रान श्वास घेते. आता वाटाच अडल्या आहेत. म्हणून गावाने एकत्र बसून निदान चौथा हिस्सा पावसाळ्यात बंद ठेवायचे ठरवणे, हाच एक उपाय उरतो. तो एकट्याने होत नाही. एकाने फाटक लावले आणि दुसऱ्याने कळप घातला तर सारेच फुकट.

जुलैत पहिला पाऊस पडतो आणि आठवड्याभरात अविकानगरच्या माळावर हिरवी लव उमटते. मेंढ्या कुंपणाला नाक लावून उभ्या राहतात. गुराखी फाटकाची कडी तपासून बघतो आणि कळप पुन्हा महारुखाच्या पाल्याकडे वळवतो. फाटक उघडायला अजून अवकाश असतो.