कमाटीबागेतील हिशेब

बडोद्याच्या स्थानकापासून थोडे चालले, की महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा भव्य घुमट दिसू लागतो. विद्यापीठ १९४९ चे. घुमट मात्र त्याआधीच्या बडोदा कॉलेजचा. येथेच माझी भाची वाणिज्याच्या दुसऱ्या वर्षाला व्यवस्थापकीय लेखाशास्त्र शिकते. सायंकाळी कमाटीबागेत शेंगा सोलता सोलता मी मनातले शल्य बोलून दाखविले. आमच्या मराठी शाळेचा पट ६० वरून ४० वर आला. मुलामागचा खर्च दीडपट झाला, म्हणून शाळा बंद करावी असा कागद वरून आला आहे.

“मामा, शाळा बंद झाल्यावर शिक्षकांचे पगार थांबतील?”

“छे! बदल्या होतील, पगार चालूच.”

“मग ते या निर्णयात धरायचेच नाहीत. बंद केल्याने जे खरोखर वाचेल, तेवढेच धरायचे. स्थिर खर्चाला पटाने भागले, की मुले कमी झाल्याने खर्च वाढला असा नुसता भास होतो.”

हे शास्त्र मी आजवर दुकानदारीचे समजत होतो! वाचणारा खर्च आम्ही मांडून पाहिला : वीज, खडू, किरकोळ दुरुस्ती. उलट, मुलांना दूरच्या शाळेत पोहोचविण्याचा खर्च नवाच. तिने वहीचे ते पान फाडून माझ्या हाती दिले. विश्वामित्रीच्या पुलावर दिवे लागेपर्यंत मी ते तीनदा वाचले. उत्तराची मुदत सोमवारी संपते.